गुलाबी मेणबत्ती

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मेणबत्त्या मिळत नाहीत असं कुणाला सांगितलं तर हसतील. पांढऱ्या होत्या, पिवळ्या होत्या, नवसाच्या उंचच्या उंच होत्या, शोधल्यावर जांभळ्याही निघाल्या. गुलाबी तेवढी नव्हती. "तांबडी व्हर गो बाय, पेटयली की सगळ्यो सारक्योच," दुकानदार म्हणाला. त्याचं तत्त्वज्ञान मला पटलं होतं. पण मेणबत्ती हवी होती शेजारच्या आंटीला, आणि तिच्याकडे असल्या तत्त्वज्ञानाला थारा नाही.

नाताळाआधीच्या ४ रविवारांचं हे प्रकरण. हिरव्या पानांच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत पेटवत जायचं. जांभळा रंग वाट बघण्याचा, उपासतापासाचा. मध्येच तिसऱ्या रविवारी हा गुलाबी. पाद्रीचा झगासुद्धा त्या दिवशी गुलाबी असू शकतो. लहानपणी आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

आता वाट बघायला वेळ कुणाला आहे म्हणा. दिवाळीचे आकाशकंदील उतरवले नाहीत तोच दुकानांत तारे लटकतात आणि नोव्हेंबरच्या घामात बर्फाची गाणी सुरू होतात. माझ्या धर्माचा सण नाही, तरी मला याचा राग येतो. आंटीच्या घरी येशूजन्माचा देखावा मांडतात, त्या गोठ्यातली बाळाची गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. मेंढपाळ, गाय, गाढव सगळे त्या रिकाम्या गव्हाणीकडे टक लावून उभे. त्या गोठ्याभोवतीच्या शेतासाठी आंटीचा मुलगा आणि मी डब्यांच्या झाकणांत नाचणी पेरायचो. लवकर पेरली तर नाताळापर्यंत लांब होऊन लोळण घ्यायची, उशीर झाला तर शेताला टक्कल. आमच्याकडे नवरात्रात घटाखाली धान्य रुजत असल्यामुळे या खात्यातली तज्ज्ञ मीच. तो मात्र रोज माती उकरून बघायचा, कोंब आले का म्हणून. आता तो परदेशात असतो.

यंदा आषाढात अंकल गेले. त्यामुळे आंटीच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, तारा नाही. दोदोलही नाही. माडाचा गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ चुलीवर चढवलं की ते तासन् तास ढवळायचं काम अंकलचं असे. तूप सुटेपर्यंत ते कुणाशी बोलतही नसत. तर यंदा हे काही नाही. मेणबत्त्या मात्र हव्यात आणि त्यात गुलाबी हवीच. शेवटी ती पणजीला मिळाली, जराशी वाकडी. ती देताना मी म्हटलंच, "आंटी, या वर्षी तरी तांबडी चालली नसती?"

"दुख्ख म्हजें गो बाय," ती म्हणाली. "आयताराचें न्हय."

त्या गुलाबी रविवारच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, सुरुवात संत पौलाच्या पत्रातल्या ओळीने होते: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा. आनंदी राहायला सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सकाळी सकाळी फोनवर सूर्योदयाच्या चित्रासह हाच उपदेश येतो, तो मी न वाचता पुसून टाकते. पण पौलाने हे लिहिलं ते बेड्या पडलेल्या असताना, सुटणार की मरणार हे माहीत नसताना. दुसऱ्यांदा जे म्हणाला, ते बहुधा स्वतःलाच सांगितलं असावं असं मला वाटतं. आंटीला हे पटत नाही. तिच्या मते ज्यांना हे पत्र लिहिलं ती फिलिप्पैची माणसं आमच्या वाड्यावरच्यांसारखीच असणार, एकदा सांगून न ऐकणारी.

मला जुन्या तारखांचे वार काढायचा नाद आहे. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला तो दिवस, १९ डिसेंबर १९६१, हा मंगळवार. म्हणजे त्या वर्षीचा गुलाबी रविवार १७ तारखेला आला. सकाळी गोव्यातल्या चर्चांतून लॅटिनमध्ये 'आनंद करा' झालं आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत भारतीय सैन्य हद्दीत शिरलं. पोर्तुगीज मागे हटताना पूल उडवत होते. आंटी तेव्हा सहासात वर्षांची. तिला झेंडे आठवत नाहीत, सैनिकही नाहीत. एक मोठा धडाका झाला, कौलांवरून माती पडली आणि सगळे बाहेर धावले एवढं आठवतं. तिची आई तेवढी चुलीपाशीच राहिली, कारण भांड्यात दोदोल होतं आणि हात थांबवला असता तर ते तळाला लागलं असतं.

"आणि भीती नाही वाटली तिला?"

"वाटली मगे. रडत रडतच ढवळत होती."

ज्या घरात दुःख झालंय तिथे गोडधोड होत नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं. आमच्याकडेही दिवाळीत हेच. तेव्हा यंदा तिच्या घरी कोन्सुआद, म्हणजे नाताळाचं गोडधोड, पोचवायची पाळी माझी. दोदोल मला येत नाही आणि तेवढं ढवळायला माझा खांदाही तयार नाही. करंज्या करीन. आमच्या करंज्यांत साखर फार असते, हे आंटीचं जुनं मत आहे. असू दे.