हनोई ते सायगॉन रेल्वेने: टप्पे, तिकिटं आणि वाटेतल्या अडचणी

व्हिएतनाममधला हनोई ते सायगॉन (म्हणजे हो चि मिन्ह सिटी) हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग फ्रेंच राजवटीत १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात जागोजागी तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा सलग जोडला गेला. मार्ग आजही मीटर गेज आणि एकेरी आहे. थेट गाडीला साधारण ३३ ते ३५ तास लागतात. एवढे तास सलग डब्यात काढू नयेत, कारण निम्मा देश अंधारात मागे पडतो. मार्गाचे पाच-सहा तुकडे करावेत आणि कोणता तुकडा दिवसा, कोणता रात्री, हे सगळ्यात आधी ठरवावं. हॉटेलं, होड्या, गुहा यांच्या तारखा त्यानंतर आपोआप बसतात. उलट्या क्रमाने गेलं, म्हणजे आधी हॉटेलं पक्की केली, की हव्या त्या गाडीत हवी ती बर्थ मिळत नाही आणि भर दुपारी सुंदर भाग बसमधून, बोगद्यातून पार होतो.

विमानाचं तिकीट जाताना हनोईचं आणि परतताना सायगॉनचं असं काढावं. दोन्ही बाजूंनी हनोईच घेतलं तर शेवटी एक देशांतर्गत विमानप्रवास आणि एक दिवस उगाच वाढतो.

महिना निवडताना हा देश उत्तर-दक्षिण किती लांब आहे हे विसरून चालत नाही. उत्तरेत डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत दिवसचे दिवस भुरभुर चालू राहते. दक्षिणेत मे ते ऑक्टोबर पाऊस. मधल्या पट्ट्याचं गणित मात्र वेगळं आहे. हुए, दा नांग, होई आन इथे खरा पाऊस सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नद्या गावात शिरतात. त्या दिवसांत होई आनच्या जुन्या गल्ल्यांमधून होड्या फिरतात आणि रुळांवर पाणी आल्याने गाड्या रद्द होतात. पूर्ण मार्ग एका दमात करायचा असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ सगळ्यात बरा. फक्त तेतच्या तारखा आधी बघाव्यात. हे चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीही येतं. तेव्हा सगळा देश गावाकडे निघतो, गाड्या भरून जातात आणि पुढचे काही दिवस दुकानं, खानावळी बंद राहतात. तेतच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडून द्यावा.

ई-व्हिसाचा अर्ज भरताना

१५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचं शुल्क २५ अमेरिकी डॉलर, अनेकदा प्रवेशाचं ५० डॉलर, आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट व्हीएन' असा संपतो. शोधयंत्रात त्याच्या वर दिसणारी बरीचशी स्थळं दलालांची असतात, दिसायला हुबेहूब आणि शुल्काला दुप्पट-तिप्पट.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यात नाव जसं आहे तसंच, मधल्या नावासकट, भरावं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मनाने काही भरू नये. यंत्राने वाचायच्या त्या ओळीत जे आहे तेवढंच लिहावं. दुसरी चूक तारखेची. दिवस आधी, मग महिना. व्हिसावर छापलेल्या पहिल्या दिवसाच्या आधी देशात प्रवेश मिळत नाही, त्यामुळे मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे उतरणारं विमान असेल तर उतरण्याची तारीख दोनदा तपासावी. प्रवेशासाठी हनोईचा नोई बाय आणि बाहेर पडण्यासाठी सायगॉनचा तान सोन न्हात हे विमानतळ निवडावेत. कामकाजाचे तीन दिवस लागतात असं लिहिलेलं असतं, पण त्यात सुट्ट्या मोजत नाहीत आणि प्रत्यक्षात वेळ वाढतो. तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करावा. व्हिसा आला की त्यावरचं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून बघावं आणि दोन कागदी प्रती काढाव्यात, कारण विमानात चढायच्या आधीच तो मागितला जातो.

तिकिटं

इथे वाटेत उतरून पुढे जाण्याची सोय नाही. हनोई-सायगॉनचं एकच तिकीट काढून हुएला दोन दिवस राहता येत नाही. प्रत्येक तुकड्याचं स्वतंत्र तिकीट, स्वतंत्र जागा. रेल्वेचं अधिकृत संकेतस्थळ 'डीएसव्हीएन डॉट व्हीएन'. त्यावर डब्याचा नकाशा उघडून बर्थ निवडता येते. अडचण पैसे भरताना येते. परदेशी कार्ड कधी चालतं, कधी नाकारलं जातं, आणि तेवढ्यात धरून ठेवलेली जागा सुटते. दोन वेळा नकार आला की हट्ट न करता थोडं जास्तीचं शुल्क घेणाऱ्या मध्यस्थ स्थळावरून काढावं किंवा हनोई स्टेशनच्या खिडकीवर जावं. मध्यस्थाकडून काढलेलं तिकीट रद्द करायचं झालं तर त्याच्यामार्फतच करावं लागतं. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो, तो चुकू देऊ नका.

तिकिटावर गंतव्य 'सायगॉन' असं छापलेलं असतं, हो चि मिन्ह सिटी नाही. गाड्यांच्या क्रमांकांत विषम आकडे दक्षिणेकडे जाणारे, सम उत्तरेकडे येणारे: एसई १, एसई ३ हनोईहून सुटतात, एसई २, एसई ४ सायगॉनहून. 'तोआ' म्हणजे डबा, 'गा' म्हणजे स्टेशन. एवढ्यावर फलाटावर काम भागतं.

रात्रीसाठी चार बर्थचा कूपे घ्यावा. सहा बर्थच्या कूपेत सगळ्यात वरची बर्थ स्वस्त असते, पण तिथे ताठ बसता येत नाही आणि वातानुकूलनाचा झोत थेट अंगावर येतो. खालच्या बर्थचे पैसे जास्त, आणि दिवसा तिच्यावर बाकीचे उतारू बसतात, हे इथे गृहीतच धरलेलं असतं. मधल्या स्टेशनवर चढलं तर चादर आधी कोणीतरी वापरलेली असू शकते. स्वतःची एक पातळ चादर बरोबर असावी. दिवसाच्या प्रवासाला बर्थ घेऊ नये, वरून खिडकीबाहेरचं दिसत नाही. वातानुकूलित डब्यातली मऊ आसनं पुरेशी आरामाची आहेत.

उशीर होतो. मार्ग एकेरी असल्याने समोरची गाडी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि एका गाडीचा उशीर मग पुढच्यांच्या गळ्यात पडतो. अर्धा तास नेहमीचा, दोन तासही होतात. कधी प्रकरण मोठं असतं: १२ एप्रिल २०२४ ला का घाटातला बाय जिओ बोगदा ढासळला आणि कित्येक दिवस उतारूंना बसने पलीकडच्या गाडीपर्यंत न्यावं लागलं. म्हणून शेवटच्या रेल्वेप्रवासानंतर आणि परतीच्या विमानाआधी किमान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. यात काटकसर नको.

टप्पे

हनोईत विमानतळावरून ८६ क्रमांकाची नारिंगी बस थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. सामान थोडं असेल तर तीच घ्यावी, नाहीतर मोबाइलवरून ग्रॅब किंवा सान एसएम या कंपन्यांची टॅक्सी बोलवावी. विमानतळाच्या दारात गाठणाऱ्या टॅक्सीवाल्यांमध्ये नामांकित कंपन्यांच्या बोधचिन्हाची नक्कल केलेल्या गाड्याही असतात.

पहिला तुकडा निन्ह बिन्हचा, ११५ किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आसपास, दिवसा. हनोईहून सहलीच्या बसने एका दिवसात हे उरकतात, पण मुक्काम करणंच योग्य. बसेस दहा-साडेदहाला पोचतात आणि त्यानंतर त्रांग आनच्या धक्क्यावर रांग लागते. सकाळी साडेसात-आठला गेलं तर चुनखडीच्या डोंगरांखालचे जलबोगदे शांततेत बघता येतात. होडीत चार जण बसवतात, फेरीला अडीच-तीन तास लागतात आणि डोक्यावर छप्पर नसतं. टोपी आणि पाणी हवंच. मुआच्या टेकडीला सुमारे ५०० पायऱ्या आहेत, त्या उन्हं उतरल्यावर चढाव्यात.

निन्ह बिन्हहून रात्री उशिराच्या गाडीने डोंग होई. हे अंतर ४०७ किलोमीटर. कूपेत शिरताना बाकीचे झोपलेले असतात, तेव्हा टूथब्रश, चादर, पाणी आधीच वरच्या पिशवीत काढून ठेवावं. पहाटे उतरताना गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते. गजर लावावा आणि गाडी कुठवर आली ते फोनच्या नकाशावर बघत राहावं, उद्घोषणेवर विसंबू नये. डोंग होईहून फोंग न्या गाव सुमारे ४५ किलोमीटर. तिथल्या मुक्कामाच्या जागेला आदल्या दिवशी गाडीचा क्रमांक कळवला तर ते वाहन पाठवतात. गुहा निवडताना एक भेद लक्षात ठेवावा. फोंग न्या गुहेत नदीतून होडीने शिरतात, त्यामुळे पाणी चढलं की ती बंद. पॅरडाइज गुहा कोरडी आहे. ती ३१ किलोमीटरहून लांब असली तरी लाकडी पायवाटेने पहिला एक किलोमीटर सगळ्यांना बघता येतो, आणि तेवढाही थक्क करणारा आहे.

डोंग होई ते हुए १६६ किलोमीटर, दिवसा. हुएचा राजवाडा आणि बालेकिल्ला सकाळी बघावा, दुपारी तिथे सावली नाही. राजांच्या समाध्या शहराबाहेर विखुरलेल्या आहेत. तीन निवडल्या तर एका दिवसाची ग्रॅब किंवा भाड्याची गाडी पुरते.

यानंतरचे १०३ किलोमीटर या मार्गाचा गाभा आहेत. हुए ते दा नांग गाडी हाय वान घाट समुद्राच्या कडेने, झाडीतून, वळणावळणाने पार करते. यासाठी अडीच-तीन तास लागतात आणि ते उजेडातच हवेत. बसगाड्या २००५ साली सुरू झालेल्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात, त्यांना घाट दिसतच नाही. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, तेव्हा डाव्या खिडकीचं आसन घ्यावं. कूपेचा डबा मिळाला आणि खिडकी डोंगराकडे आली तर सरळ कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहावं. मार्च २०२४ पासून याच तुकड्यावर एक खास पर्यटक गाडीही धावते. ती लांग को स्टेशनवर फोटोंसाठी थोडा वेळ थांबते. वेळ जुळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर साध्या गाडीतूनही दृश्य तेच आहे.

मोटारसायकलने हाय वान करण्याचा मोह अनेकांना होतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला मानत नाही. भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, अपघात झाला की विमा कंपनी मात्र पहिल्यांदा तोच विचारते. परवान्याच्या मुखपृष्ठावर कराराचं वर्ष असतं, ते निघण्याआधी बघा. १९४९ असेल तर चालकासह मोटारसायकल घेऊन मागे बसावं.

होई आनला स्टेशन नाही. दा नांगला उतरून ३० किलोमीटर रस्त्याने जावं लागतं. तीन रात्री तिथे काढाव्यात, कारण प्रवासाच्या मध्यावर कपडे धुण्याची आणि पाय मोकळे करण्याची याहून चांगली जागा नाही.

दा नांग ते न्या त्रांग ५२४ किलोमीटर, नऊ-दहा तास. समुद्रकिनाऱ्याची ओढ नसेल तर न्या त्रांग गाळून दा नांगहून थेट रात्रीच्या गाडीने सायगॉन गाठावं. उतरायचं असेल तर पुढचे ४११ किलोमीटर रात्री झोपेत जातात.

पैसे आणि बारीकसारीक

२०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत. घाईत, अंधारात, टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्या हमखास अदलाबदल होतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. एटीएम एका वेळी ठरावीक रक्कमच देतं आणि प्रत्येक वेळी शुल्क कापतं, म्हणून कमाल रक्कम काढावी. यंत्राने 'तुमच्या चलनात हिशेब करू का' असं विचारलं तर नाही म्हणावं आणि डाँगच निवडावेत, नाहीतर दर त्यांच्या मनाचा लागतो. फळ्यावर '५० के' लिहिलेलं असेल तर ते ५०,००० डाँग.

डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते, तेव्हा मग आणि शेवयांचं पाकीट बरोबर असलं की रात्र निभते. ढकलगाडीवर भात-कालवण येतं, शाकाहारी सहसा नसतं. गावात 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) अशी पाटी असलेल्या खानावळी पूर्ण शाकाहारी असतात. इतरत्र भाज्यांच्या पदार्थातही माशांचा सॉस असतो, तो नको असं वेगळं सांगावं लागतं.

हॉटेलात पोलिसांकडच्या नोंदीसाठी पासपोर्ट मागतात. फोटो काढून लगेच परत द्या म्हणावं, बहुतेक ठिकाणी ऐकतात. ठेवूनच घेतला तर पहाटेच्या गाडीच्या आदल्या रात्री परत मागून घ्यावा, कारण त्या वेळी काउंटरवर कोणी जागं नसतं.

सायगॉनला उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन हातात धरू नये, दुचाकीवरून हिसकावून नेतात. गाडी बोलवायची तर स्टेशनच्या आतच थांबून बोलवावी. उरलेले डाँग विमानतळावर पोचण्याआधी शहरातच बदलून घ्यावेत. देशाबाहेर ते कोणी सहजासहजी घेत नाही.