अकरा डोकी

पायी सहलीत माझी जागा सगळ्यात मागे. टूर लीडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झेंडी उंच धरून पुढे पळणारी बाई येते, आणि बसच्या सहलीत ती मीच असते. पण इटलीत रानवाटांवर लोकांना नेणं हे परवान्याचं काम आहे. म्हणून पुढे तिथली परवानाधारक गाइड आणि शेवटी बॅकलीड म्हणून मी. मोठ्या बॅगा सकाळी गाडीने पुढच्या गावी जातात. माझ्या पाठीवर प्रथमोपचाराची पेटी, मायक्रोपोर चिकटपट्टीची रिळं, दोन जादा पोंचो आणि गुळाच्या चिक्कीचा डबा असतो. मागे चालणाऱ्याचं खरं काम एकच, डोकी मोजणं. ते मी त्या दिवशी चुकले.

ऑक्टोबर महिना. मध्य इटलीतल्या सिएना शहराच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा नावाचं खोरं आहे, तिथला आमचा चौथा दिवस. पिएन्झाहून निघून सान क्वीरिको दोर्चा आणि तिथून खाली बान्यो विन्योनी, असं जेमतेम पंधरा किलोमीटरचं चालणं. गटात अकरा जण, पुण्या-ठाण्याचे आणि नाशिकचे, बहुतेक साठीच्या अलीकडे-पलीकडे. त्या अकरांतच एक लातूरकडचे काका. वय अडुसष्ट, गळ्यात तुळशीची माळ, मुलाने पैसे भरले म्हणून आलेले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना चालण्याची सवय किती ते विचारलं. कुणी पर्वती सांगितली, कुणी येऊरचा डोंगर. काका म्हणाले, "बावीस वाऱ्या झाल्यात." त्यानंतर मी त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं. माझं लक्ष दुखऱ्या गुडघ्यांवर, धापा टाकणाऱ्यांवर आणि नवे कोरे बूट घालून आलेल्यांवर असतं. पायाने पक्का माणूस हरवेल असं मनात येतच नाही.

सकाळी पिएन्झाच्या चौकात गाइडने गावाची गोष्ट सांगितली. मूळ गावाचं नाव कोर्सिन्यानो. तिथे १४०५ साली जन्मलेला मुलगा पुढे पोप झाला, पायस दुसरा. १४५९ पासून त्याने रोसेलिनो नावाच्या वास्तुकाराला हाताशी धरून आपलं जन्मगाव नव्याने बांधायला घेतलं आणि तीन-चार वर्षांत चौक, राजवाडा, कॅथीड्रल उभं केलं. गावाला नावही स्वतःचं दिलं. कॅथीड्रलची मागची बाजू मात्र उताराकडे गेलेली, आणि ती तेव्हापासून खचते आहे. आत शिरून पुढे गेलं की भिंतींतल्या भेगा दिसतात. बाकीचे छताचे फोटो काढत होते. काका भेगेत बोट घालून मला म्हणाले, "ताई, हिला विचारा, पाया कशात घेतलाय?" मी विचारलं. गाइड म्हणाली, खाली चिकणमाती आहे. काकांनी मान हलवली, जणू शेजारच्याने विहीर चुकीच्या जागी घेतली होती.

रात्रभर पाऊस झालेला होता. गावाबाहेर पडलो आणि नाराजी सुरू झाली. माहितीपत्रकात या टेकड्या पोपटी हिरव्या आहेत, कडेला सरूच्या रांगा. तो हिरवा रंग गव्हाचा, एप्रिल-मे मधला. ऑक्टोबरात गहू अजून पेरायचा असतो. नांगरून टाकलेली राखाडी-तपकिरी ढेकळं टेकडीमागून टेकडी पसरलेली असतात आणि दूर मोंते अमियाता, १,७३८ मीटरचा निजलेला ज्वालामुखी. मला स्वतःला हाच मोसम आवडतो, पण फोटोसाठी पैसे भरलेल्या माणसाला ते कसं सांगणार? ठाण्याच्या काकू म्हणाल्या, "हे तर आमच्या सोलापूर रोडसारखं दिसतंय." नाशिकचे काका म्हणाले, "सोलापूर रोडला सरू नाहीत."

वाट बरीचशी खडी टाकलेल्या पांढऱ्या रस्त्याची, त्रास नाही. पण मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर शेताच्या कडेने जावं लागलं आणि तिथे त्या मातीने आम्हाला धरलं. पहिल्या पावलाला तळव्याला भाकरीएवढा थर. दुसऱ्या पावलाला त्या भाकरीवर दुसरी. दहाव्या पावलाला प्रत्येक बुटाखाली एकेक उशी, पाय उचलला की पिंडरीत कळ. काठीने खरवडावी तर ती काठीला चिकटते, काठीवरून बोटांना, बोटांवरून पोंचोला. एका काकूंचा बूट मातीत रुतून राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. हसणं, चिडणं, दोन्ही एकदम चाललेलं. लातूरच्या काकांनी शांतपणे बूट-मोजे काढले, नाड्या एकमेकींत बांधून बूट गळ्यात अडकवले आणि बांधाच्या गवतावरून अनवाणी निघाले. जाताना म्हणाले, "काळ्या रानात बूट घालून कोण जातं, माय?"

ही माती काळी नव्हे, राखाडी. आपली लाव्हारसातून झाली, ही समुद्राच्या तळाची. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी या सगळ्या टेकड्यांच्या जागी उथळ समुद्र होता. पण वागणं सख्ख्या बहिणींचं. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते.

बूट निघालेल्या काकूंच्या टाचेला फोड आलेला. मी त्यांना दगडावर बसवलं, टाच पुसली, मायक्रोपोर लावला. तेवढ्यात काका मागून येऊन शेजारून गेले. मी मान वर न करताच म्हटलं, "व्हा पुढे काका, आलेच." ते व्हायला लागले पुढे. माझ्या हिशोबात ते गटात पोचले.

पुढे वितालेताची छोटी चॅपल लागते, दोन बाजूंना सरूची झाडं, चित्रात शोभेल अशी. तिथे फोटो हवाच होता. मी सगळ्यांना उभं केलं, गाइडलाही ओढून रांगेत घेतलं, फोन डोळ्यांपुढे धरला आणि डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकरा. फोटो छान आला. आजही माझ्याकडे आहे. गाइड त्यात उजवीकडून तिसरी, खळखळून हसते आहे.

तिथून अर्ध्या-पाऊण तासाने, सान क्वीरिको समोर दिसायला लागलं तेव्हा, एका झाडाखाली मी चिक्कीचा डबा उघडला. अकरा वड्या काढून घेतल्या. दहा हात पुढे आले. एक वडी माझ्या तळहातावर तशीच.

असल्या वेळी पोटात जे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. मी पहिल्यांदा फोन लावला. काकांचा फोन बंद, कारण बॅटरी वाचवायची म्हणून ते तो फक्त फोटोला चालू करायचे. गाइडचा चेहरा उतरला, पण ती आवाज न चढवता बोलत राहिली. शेवटचं कुठे पाहिलं? मातीपाशी. फाटे किती? एकच, डावीकडे खाली एका शेतघराकडे जाणारा. फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं हा आमचा नियम. पण काका ना पुढच्यांत होते ना मागच्यांत, ते दोघांच्या मधल्या रिकाम्या वाटेवर एकटे होते. ठरलं असं: गटाला गावातल्या बारमध्ये बसवायचं, बॅगांची गाडी बोलवायची, आम्ही दोघी उलट जायचं, आणि अर्ध्या तासात माणूस दिसला नाही तर ११२. ठाण्याचे निवृत्त बँक मॅनेजर काका न सांगता गटाचे प्रमुख झाले. त्यांनी बाकीच्या नऊ जणांची कॉफी मागवली आणि दर पाच मिनिटांनी मला 'अपडेट?' असा मेसेज पाठवायला सुरुवात केली.

गाडी येते न येते तोच माझा फोन वाजला, नंबर इटलीतला. पलीकडून पुरुषाचा जाड आवाज, अखंड इटालियन, त्यात मला कळलं एवढंच की कुणीतरी 'सिन्योरे' आहे आणि 'स्काल्झो' आहे. अनवाणी! मी फोन गाइडच्या हातात दिला आणि गाडीच्या बॉनेटला टेकले. माझा नंबर लिहिलेलं कार्ड मी सगळ्यांच्या गळ्यात अडकवायला लावते. पुण्याच्या मंडळींना ते शाळकरी वाटतं, सगळे ते जॅकेटच्या आत लपवतात. काकांनी मात्र माळेशेजारी बाहेरच ठेवलं होतं.

शेतघरापाशी पोचलो तेव्हा काका ओसरीत खुर्चीवर बसलेले, समोर सत्तरीचा एक मेंढपाळ, मध्ये स्टुलावर अक्रोडांचा ढीग. दोघे मिळून अक्रोड फोडत होते. दाराशी दोन पांढरी कुत्री पहुडलेली, अंगाने कालवडीएवढी. ही मारेम्माकडची राखणीची जात, लांडग्यांपासून मेंढरं राखते. फिरस्त्यांना या भागात सांगितलेलं असतं की कळप दिसला तर लांबून वळसा घ्या.

काकांनी नंतर सगळं क्रमाने सांगितलं. बांधावरून जाताना त्यांना नांगरटीत काहीतरी पांढरं चमकताना दिसलं. वाकून उचललं तर शिंपला. पुढे अजून एक. "शेतात शिंपले बघून माणूस थांबंल का नाही?" ते शिंपल्यांच्या मागे फाट्याकडे उतरले आणि मेंढरांच्या अंगावरच गेले. कुत्री धावून आली. "धनगराच्या कुत्र्यासमोर पळालं की खेळ खलास. काठी टाकली, हात खाली, नजर दिली नाही. हुबा राह्यलो ठोंब्यासारखा. पंधरा-वीस मिनटं असंल. मनात हरिपाठ चालू केला. सात अभंग झाले तवर ह्यो आला."

मी म्हटलं, काका, माझा जीव गेला होता. ते खरंच गोंधळले. "का? मुक्कामाचं गाव ठाऊक हुतं की. सान किरिको. दिंडीत मागं राह्यलं तर माणूस मुक्कामाला गाठतोच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी सुचलं की दिंडीत वाट विचारायला भाषा लागत नाही, पण तेव्हा वेळ गेली होती.

गाइड आणि मी दुभाषे झालो आणि काकांनी प्रश्नांचा डबा उघडला. उन्हाळ्यात भेगा केवढ्या पडतात? मेंढपाळाने मनगटापर्यंत हात दाखवला. काकांनी कोपरापर्यंत. दोघांचंही समाधान झालं. मेंढपाळ मूळचा सार्डिनिया बेटावरचा, साठच्या दशकात बाप मेंढरं घेऊन इकडे आला तेव्हा हा लहान. ही घरं तेव्हा ओस पडायला लागली होती, गाइडने सांगितलं. तोवर इथे मेझद्रिया चालायची. जमीन आणि घर मालकाचं, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. तोवर माणसं कारखान्यांच्या शहरांकडे निघालेलीच होती. रिकाम्या रानात सार्डिनियाचे मेंढपाळ आले. पिएन्झाचं पेकोरिनो चीज आज दुकानादुकानांत मिळतं त्यात त्यांचा मोठा हात आहे. मी 'मेझद्रिया'ला मराठी शब्द शोधत होते तोवर काका म्हणाले, "म्हणजे बटई. बी कुणाचं असायचं?" मेंढपाळाने खांदे उडवले. त्याचा बाप आला तेव्हा बटईदार निघून गेले होते, विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मग त्याने आतून चीजचं चाक आणलं, अक्रोडाच्या पानांत मुरवलेलं, आणि सुरी घातली. आता माझी परीक्षा. पेकोरिनो विरजतात ते बहुधा कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या रेनेटने. काही जण काटेरी फुलांचं वनस्पतीज विरजण वापरतात, म्हणून विचारावं लागतं. मी विचारलं. कोकराचंच. मी काकांना खालच्या आवाजात सांगितलं. माळकरी माणूस. त्यांनी चीजच्या तुकड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि परत ताटलीत ठेवला, मेंढपाळाकडे बघून हात जोडले आणि मूठभर अक्रोड उचलले. मेंढपाळ क्षणभर थबकला. मग त्याने एका कागदी पिशवीत उरलेले सगळे अक्रोड भरून त्यांच्या मांडीवर ठेवले. माझ्या वाट्याचं चीज मी खाल्लं, फार चांगलं होतं.

शिंपल्यांचं मात्र जमलं नाही. काकांच्या खिशात सहा होते. जमिनीतून निघालेले जीवाश्म इटलीत सरकारच्या मालकीचे, गाइडने अगदी अजिजीने सांगितलं. शेताची चिमूटभर माती न्यायची म्हटलं तर ती आपल्याकडे विमानतळावर अडते, परवान्याशिवाय माती आणता येत नाही. काकांनी सहाही शिंपले बांधावर ओळीने मांडून ठेवले. मोजून.

उरलेला दिवस नेहमीसारखा गेला. सान क्वीरिकोत टाळ्या वाजवून स्वागत झालं, बँक मॅनेजर काकांनी मला कॉफीचं बिल दिलं, आणि साडेचारला आम्ही बान्यो विन्योनीत उतरलो. या गावाचा चौक म्हणजे फरसबंद जागा नव्हे, गरम झऱ्याचा मोठा हौद. त्यात उतरायला मनाई आहे, पण बाहेर कड्याकडे वाहत जाणाऱ्या दगडी पाटांत पाय सोडता येतात. अकरा जणांनी एका ओळीत पाय सोडले. पाटाचं पाणी काही वेळ राखाडी वाहिलं.

मुक्कामाच्या घरमालकिणीने बूट आत आणायला साफ नकार दिला आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. गोळे करून बुटांत कोंबले की सकाळपर्यंत ओल ओढली जाते. रात्री सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्यातले बूट मोजले. चोवीस. माझे दोन वजा केले, बावीस. एक जोड लखलखीत कोरडी, तिला मातीचा ठिपका नाही. गाइड संध्याकाळीच आपल्या घरी गेली होती, तरीही तिचे निळ्या नाड्यांचे बूट त्यात नाहीत ना, हे मी वाकून बघून घेतलं.