आमची वाटचाल: पावसाळा काढणारी बकरी

मूर्तिजापूर-कारंजा रस्त्यापासून थोडं आत आमचा बेरारी जातीच्या बकऱ्यांचा वाडा आहे. 2009 पासून पैदास करतो. विकतो दोनच गोष्टी: पैदाशीला निवडलेले बोकड-पाठी आणि खाटकाला वजनावर खस्सी, म्हणजे खच्ची केलेले बोकड. दुधाचा धंदा नाही, लेंडीखत घरच्याच शेतात जातं. बकऱ्या दिवसभर चरतात, संध्याकाळी तुरीचं कुटार खातात आणि तुराट्यांच्या कुडाआड बसतात. फॉगर, पंखे, रबरी गादी असलं इथे काही नाही. पाहुणे गाडीतून उतरतात आणि विचारतात, फार्म कुठे आहे? हाच.

बाहेरदेशचे व्हिडिओ पाहून आलेली पोरं विचारतात, काका, मांसासाठी गोऱ्हेच का नाही वाढवत? तिकडे अँगस, हेरफर्ड या मांसाच्या गाईंचे कळप कमी खर्चात कसे पोसतात ते त्यांनी पाहिलेलं असतं. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होतीच, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा तो विषय इथेच संपला. पण त्या लोकांचं एक गणित बकरीलाही जसंच्या तसं लागू पडतं. माय जेवढी मोठी तेवढं ती बारा महिने स्वतःच खाते. एका मोठ्या बकरीने एकच पिल्लू दिलं आणि तीन महिन्यांत ते तेरा किलोचं झालं. दुसऱ्या लहान बकरीने जुळी दिली, दोन्ही नऊ-नऊ किलोची. फोटो पहिलीचा निघतो, पैसे दुसरी देते.

आमच्या वाड्यातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे टांगायचा वजनकाटा. लिंबाच्या आडव्या फांदीला साखळी, तिला काटा, काट्याला पोत्याची झोळी. झोळीला चार पायांसाठी चार भोकं माझ्या बायकोने पाडली आणि कडेने सुतळी ओवली, नाहीतर पोतं उसवत जातं. आमच्या भागात बकरी उक्तीच विकायची रीत. व्यापारी लांबूनच बोट दाखवणार, रुमालाखाली हात दाबणार, आणि शेतकऱ्याला कळायच्या आत बोकड टेम्पोत. आम्ही वजनावर भाव सांगायला लागलो तेव्हा बाजारात हसले लोक. "बकरी हाय का कापूस?"

हसला नाही तो एकटा माणूस म्हणजे कारंज्याचे आमचे मटणवाले चाचा. त्यांना काट्याची गरजच नव्हती. बोकडाच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे अंगठा दाबायचे आणि सांगायचे, "याचं अर्धं निघन. त्याचं नाई निघत, त्याचं पोट मोठं हाय." चाळीस किलोच्या बोकडातून वीस किलो मटण निघालं तर खूप झालं, हे मला त्यांनीच शिकवलं. खस्सी तिसऱ्या महिन्यातच करा, बर्डिझो चिमटा (कातडी न कापता आतली नस चेचणारा) एका बाजूला एकदा आणि दुसऱ्या बाजूला थोडा खाली लावा, दोन्ही दाब एका रेषेत येऊ देऊ नका, हेही त्यांचंच. बकरी ईदेच्या बोकडाचं तर अख्खं पंचांग त्यांच्या डोक्यात. बोकड वर्षाचा पुरा आणि दोन दाती पाहिजे, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2020 साली ती 1 ऑगस्टला होती, 2025 साली 7 जूनला. बकरीचे गाभणपणाचे 150 दिवस धरून मागे मोजा आणि मगच बोकड कळपात सोडा. हे गणित न करता दहा महिन्यांचा बोकड ईदेला घेऊन जाणारे आजही दिसतात, आणि परत आणणारेही.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग हायवेला एक मोठा फार्म झाला. नाव लिहीत नाही, आमच्याकडच्या लोकांना माहीत आहे. लोखंडी शेड, मचाण, गेटावर बोअर बोकडाचं चित्र. शेतकऱ्याला सिरोही आणि बोअर-संकर या बाहेरच्या जातींच्या बकऱ्या द्यायच्या आणि पिल्लं परत विकत घ्यायची हमी स्टॅम्पपेपरवर. आमच्या बकऱ्यांना त्या फार्मचा मालक उघड 'गावठी माल' म्हणायचा. बेरारीची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून झालेली आहे, हे त्याला मी दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा चहा मागवला. आमची अर्धी गिऱ्हाइकं त्या वर्षात तिकडे गेली. गेली तर गेली, धंदा आहे.

पण 2017 च्या पावसाळ्याअखेर आमच्या शेजाऱ्याने तिथून बकऱ्या आणल्या. नवं जनावर तीन आठवडे तरी वेगळं बांधायचं असतं. मी सांगितलं, तर त्याने लसीचा दाखला दाखवला. त्या बकऱ्या गायरानात आमच्यात मिसळल्या. आधी नाकाला शेंबूड, मग डोळ्यांना चिपडं, मग तोंड आतून सोललेलं, आणि शेवटी हगवण. पीपीआर, बकऱ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा साथरोग. आमच्या मोठ्या बकऱ्यांना लस झालेली होती, त्या तगल्या. पिल्लांचं वय नुकतंच लसीला आलेलं, आणि दवाखान्यात लस यायची होती. ती येईस्तोवर त्या हंगामाची जवळजवळ सगळी पिल्लं गेली. तोंडाच्या फोडांना ग्लिसरीन लावायचं, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, आणि सकाळी खड्डा खणून चुना टाकायचा. पिल्लांचा विमा नव्हता.

याहून मोठा घाव पुढेच होता. 'त्यांच्या वाड्यात रोग आहे' ही बातमी बाजारात कोणी पेरली ते मला माहीत आहे. ज्याच्या दारातून रोग आला तोच सांगत फिरला. बयाणा दिलेले लोक बयाणा परत मागायला आले. दिला. मोटरसायकल विकून दिला.

रोग आटोपून दोन-अडीच महिने झाले तेव्हा चाचा आले. सगळ्या बाजारासमोर आमचे मोठे खस्सी टेम्पोत भरले, वजन आमच्याच काट्यावर. निघताना वर आणखी पैसे हातात ठेवले. मी वही उघडली तर म्हणाले, "भाऊ, पैसे नका लिहू. पिल्लं लिहा." अजून गाभणही न राहिलेल्या बकऱ्यांची पिल्लं त्यांनी तशी विकत घेतली.

कळप पुन्हा उभा केला तो निवडून निवडून. तरुण पोरांनो, बकऱ्या वाढवण्याआधी कळपातून काढून टाकायला शिका. आमचा नियम असा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बकरीची खालची पापणी उलटून पाहायची. लालबुंद असेल तर सोडून द्यायचं. फिकी, पांढुरकी दिसली तर पोटात रक्त पिणारा जंत आहे, तिलाच औषध पाजायचं. रंग ताडून पाहायला पाच रंगांचं कार्ड मिळतं, ते दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालं. बोअर बोकडही तिकडचाच. लोकांनी बोकड आणला, आम्ही कार्ड आणलं. सगळ्या कळपाला एकजात औषध पाजत राहिलं की जंतच औषधाला निर्ढावतात, आणि कोणती बकरी आपल्या जिवावर तगते ते कधी कळतच नाही. एका पावसाळ्यात जिला दोनदा औषध लागलं ती खाटकाला. जिचं पिल्लू हाताने थानाला लावावं लागतं तीही. कितीही देखणी असो. देखणीवर घरच्यांचा जीव असतो, तिथे भांडणं होतात. होऊ द्या.

पैदाशीचा बोकड जुळ्यातलाच ठेवतो, आणि दीड-दोन वर्षांत बदलतो, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो. चारा विकत घेत नाही. सोयाबीन निघालं की त्याचं कुटार, मग तुरीचं, मग हरभऱ्याचं. कापूस उलंगला की पऱ्हाटीत चराई. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि हिवराचा पाला. ढेप फक्त गाभणीला, शेवटच्या महिन्यात. इथल्या 45 अंशांच्या उन्हात आणि खारपाणपट्ट्याच्या मचूळ पाण्यावर जी वाढली, तिला वेगळं काय द्यायचं?

हायवेच्या त्या शेडमध्ये आता सोयाबीनचे कट्टे ठेवतात. परत खरेदीची हमी दोन वर्षं चालली. ज्यांनी कर्ज काढून बकऱ्या घेतल्या ते अजून हप्ते भरतायत, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. त्याच्याबद्दल नाही.

आमच्याकडे बोकड पाहायला यायचं तर श्रावणात या. हिवाळ्यात कुणाच्याही बकऱ्या चांगल्या दिसतात. पाऊस अंगावर घेऊन, चिखलात उभ्या असताना पाहा आणि पापण्या स्वतः उलटा, वही आम्ही दाखवतो. सकाळी आठच्या आत या, नंतर कळप चरायला जातो. फाटकापाशी चुन्याचं घमेलं आहे, त्यात पाय टाकल्याशिवाय कोणालाच आत सोडत नाही. मागच्या वर्षी तो हायवेवाला पाहुण्यासाठी दोन बोकड घ्यायला आला होता, त्यालाही बूट काढायला लावले. भाव वजनावरच लावला.