कु-यू

पेइचिंग, १८ एप्रिल, रात्री

मनूच्या ‘माझं घर’ या गृहपाठात माझ्या चित्राखाली दोन चिनी अक्षरं आहेत. ‘ते तुझं नाव आहे,’ असं म्हणून ती दात घासायला गेली. मला ते वाचता आलं नाही.

वही चौकटींची आहे. एका चौकटीत एक अक्षर, आणि प्रत्येक चौकटीच्या आत तुटक रेघांचं अधिकचं चिन्ह, म्हणजे अक्षराचा कुठला भाग कुठल्या कोपऱ्यात बसतो ते मुलांना दिसतं. बाबांच्या चित्राखाली तीन चौकटी भरल्या आहेत. ते नाव त्याच्या ऑफिसनं पहिल्याच आठवड्यात ठरवून कार्डावर छापलं होतं. तिच्या स्वतःच्या चित्राखाली ‘कु मेइया’. हे प्रवेशाच्या वेळी बाईंनी दिलेलं. माझ्याखाली दोनच चौकटी. फोनचा कॅमेरा धरला तर भाषांतर आलं, ‘धान्याचा पाऊस’. मला वाटलं, तिनं दुसऱ्या धड्यातलं काहीतरी इथे उतरवलं असणार. खोडरबर घेऊन खोडायलाही निघाले होते.

मला विचारलं नाही, एवढंच डोक्यात बसलं आहे.

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं होतं, की माझंच नाव लिहायचं. त्यानं तेच लिहिलं. आईच्या वेळी मात्र कोणी तिला विचारलं नव्हतं. तिला माहेरच्या नावानं हाक मारणारे आता एक मामाच उरलेत.

इथे येऊन माझं नाव लांबलं आणि नाहीसंही झालं. कागदावर ते लांबलं: माझं, त्याचं आणि आडनाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्रासाठीच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. वरच्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आधी आडनाव, मग बाणासारख्या दोन खुणा, मग बाकीचं नाव. नावाला एकूण ३९ जागा. चीनमध्ये बहुतेकांची नावं दोन किंवा तीन अक्षरांची, म्हणून काउंटरवरच्या माणसाला आपलं तीनपदरी नाव कुठे तोडायचं ते कळत नाही. बँकेत माझ्या आणि त्याच्या नावामधली मोकळी जागा गाळली गेली, फोनच्या सिमवर ती राहिली. परिणाम असा, की खातं फोनमधल्या पाकिटाला जोडताना दर वेळी ‘नाव जुळत नाही’. अलीपे असो वा वीचॅट, ते बँकेतल्या नोंदीशी नाव ताडून पाहतात, आणि मोकळी जागा हीसुद्धा त्यांच्या लेखी एक खूण असते. नव्यानं येणाऱ्यांना मी हेच सांगते, की खातं उघडतानाच तिथल्या पडद्यावर आपलं नाव जसं उमटलंय तसं छापून घ्या, तो कागद घेऊन सिम घ्यायला जा आणि तिथेही तसंच्या तसं लिहायला लावा. दुरुस्ती नंतर करायची तर पासपोर्ट घेऊन स्वतः शाखेत जावं लागतं आणि अर्धा दिवस जातो. पोलीस चौकीतल्या नोंदीचंही तेच. भाड्याच्या घरात राहायला आल्यापासून २४ तासांत पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन नोंद करायची, आणि निवास परवाना नवा झाला की पुन्हा. त्या चिठ्ठीवर नावातलं एक अक्षर चुकलं तर तिथेच, उठायच्या आधी सांगायचं.

आणि माणसांत ते नाहीसं झालं. शाळेच्या पालकांच्या गटात प्रत्येकीनं मुलाच्या नावापुढे ‘मामा’ लावायचं अशी रीत आहे. मामा म्हणजे आई. मी ‘मेइया मामा’. भाजीवालीही तेच म्हणते, खालचा चौकीदारही. सोमवार ते शुक्रवार मला वर्षा म्हणणारं या शहरात एकच माणूस आहे, आणि तो रात्री साडेआठला घरी येतो. कधीकधी दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणते. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

म्हणून ती दोन अक्षरं लागली मला. निदान घरात तरी कोणी माझं नाव बदलणार नाही असं धरून चालले होते.

पंधरा दिवसांपूर्वी छिंगमिंगच्या सुट्टीत आम्ही शिजियाझुआंगला गेलो होतो, तेव्हा मनूनं नावांचेच प्रश्न विचारले होते. मी लक्ष दिलं नव्हतं. छिंगमिंग म्हणजे इथला पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायचा दिवस, ४ किंवा ५ एप्रिलला येणारा. त्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते. आरक्षण १५ दिवस आधी उघडतं, ते उघडल्याबरोबर करायचं. परदेशी पासपोर्ट रेल्वेच्या १२३०६ या अॅपवर आधी पडताळून घ्यावा लागतो. त्याला काही दिवस लागू शकतात, म्हणून निघायच्या आठवड्यात हे काम ठेवू नये. तिकीट कागदाचं नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकानं तो वाचला नाही तर बाजूला माणूस बसलेली रांग असते, सरळ तिकडे जायचं. मुलांचं भाडं २०२३पासून उंचीऐवजी वयावर लागतं, ६ ते १४ वर्षांना निम्मं.

पेइचिंग पश्चिम स्टेशनवरून साधारण सव्वा तास लागतो. शिजियाझुआंग स्टेशनवरून मेट्रोची ३ नंबरची लाइन, शिनपाय चौकात १ नंबरच्या लाइनवर बदल, आणि पश्चिमेकडे पुढचंच स्टेशन हुतात्मा स्मशानभूमीचं. त्याच्या पुढचं स्टेशन शांतता रुग्णालयाचं, म्हणजे बेथून यांच्या नावाचं रुग्णालय, ज्याचे प्रमुख सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. दोघंही डॉक्टर याच स्मशानभूमीत आहेत, कॅनडाचे बेथून आणि आपले कोटणीस. पिवळी-पांढरी शेवंती घेऊन जायची, फाटकाबाहेर मिळते. शाळांची मुलं रांगेनं येत होती, प्रत्येकाच्या हातात एक फूल.

सोलापुरात १९१०मध्ये जन्म. १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये. ९ डिसेंबर १९४२ला मृत्यू, वय अवघं ३२. इथे त्यांना कोटणीस म्हणून कोणी ओळखत नाही. पाटीवर तीन अक्षरं आहेत, बातम्यांत आपण ‘के दिहुआ’ वाचतो ते. ह्वा म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हेच अक्षर. त्यातले चोळकर नागपूरचे. कोटणीसांनी लग्न केलं क्वो छिंगलान यांच्याशी, आणि मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा ते पोर काही महिन्यांचं होतं.

मनूनं पाटीसमोर विचारलं, ‘त्यांच्या आईला हे नाव आवडलं का?’ मी म्हटलं, ‘त्यांच्या आईनं ते ऐकलं असेल की नाही कोण जाणे.’ आणि पाण्याची बाटली शोधायला लागले.

मागाहून त्या नावाच्या उच्चारात मात्र मी बराच वेळ रमले. रोमन लिपीतून वाचलं की फसगत होते. तिथला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. श्वास सोडायचा की नाही एवढाच फरक, आणि तो देवनागरीत पहिलीपासून घोटलेला. म्हणून बीजिंग नाही, पेइचिंग. कोटणीसांचं नावही इथले लोक ‘ख तिह्वा’च्या जवळ म्हणतात. जिथे रोमनमध्ये झेड लिहितात तो तर चक्क आपला ‘चमचा’तला च. इंग्रजी शाळेतून आलेल्या बायका या एका ध्वनीवर महिनाभर अडतात, मराठी माणूस पहिल्या दिवशी म्हणतो. देवनागरीत नाही ते एकच, सूर. चार सूर आहेत आणि मी दुसरा आणि तिसरा अजून घोटाळते.

चिनी भाषेत जोडाक्षर नाही. एका अक्षराच्या उच्चाराच्या शेवटी स्वर, नाहीतर न किंवा ङ, आणि कधी र. ‘मृण्मयी’ म्हणायचं तर त्यांना पाच अक्षरं जोडावी लागली असती. बाईंनी त्यातला मऊ भाग तेवढा उचलला आणि मेइ हे आलुबुखारासारख्या झाडाचं अक्षर घेतलं, ज्याला थंडीतच फुलं येतात. ‘ही थंडीत आली ना शाळेत,’ असं त्या म्हणाल्या होत्या. मला तेव्हा भरून आलं होतं. मग तिच्या बाबतीत चालतं ते माझ्या बाबतीत का खुपतं, याला उत्तर नाही. घरातही तिला मृण्मयी कोण म्हणतं? मनूच.

साडेआठला सहाव्या मजल्यावरच्या आजी आल्या, कागदात शिआंगछुनचे शेंडे घेऊन. हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं, पण कडू नाही, वास लसणीच्या पातीकडे झुकणारा. वसंतातले पहिले लालसर शेंडेच खातात. आजींनी पुन्हा बजावलं, की उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवल्याशिवाय खायचं नाही, कारण त्यात नायट्राइट असतं आणि पान जून होईल तसं वाढतं. लाल जाऊन लख्ख हिरवं झालं की उपसायचं, गार पाण्यात टाकायचं, पिळून बारीक चिरायचं. मूठभर चिरलेल्याला चार अंडी, मीठ, दुसरं काही नाही. मसाला घातला तर वास मरतो. मी चैत्रातल्या कडुनिंबाचं सांगायचा प्रयत्न केला, गूळ या शब्दावर अडले.

वही टेबलावरच होती. आजींनी माझ्या चित्राखाली बोट ठेवलं आणि वाचलं, ‘कु-यू.’ मग टाळी वाजवली. ‘परवा!’

परवा, २० एप्रिल. इथल्या वर्षाचे सूर्याच्या गतीनुसार २४ भाग आहेत, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. छिंगमिंग त्यातलाच, आणि कु-यू हा वसंतातला शेवटचा. कु म्हणजे धान्य, यू म्हणजे पाऊस. हा पाऊस शेकडो धान्यं वाढवतो म्हणून ते नाव. याच्या आधी खुडलेलं शिआंगछुन सर्वांत कोवळं, म्हणूनच त्या आज आल्या होत्या.

मनूला हाक मारली. तिनं टूथब्रश तोंडात ठेवूनच सांगितलं. कुलकर्णींचा कु, तो तिच्या नावात आधीपासून आहेच. आणि वर्षा म्हणजे पाऊस, हो ना? ‘बाबांचं नाव नुसतं ऐकून लिहिलंय. तुझ्या नावाला अर्थ आहे, मग मी अर्थ लिहिला.’ वर्गातल्या कॅलेंडरवर तिनं ते पाहून ठेवलं होतं.

तिनं माझं नाव बदललंच नव्हतं. कॅमेऱ्यानंही बरोबर सांगितलं होतं.

मग आजींनीच पावसाचं अक्षर काढून दाखवलं. वर आडवी रेघ, डावीकडे उभी, मग उजवीकडे वळून खाली येऊन आकड्यासारखी आत वळणारी, मधोमध एक उभी, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन थेंब. एकूण आठ. हे अक्षर चपटं होऊन दुसऱ्या अक्षरांच्या डोक्यावर बसतं: खाली शेत काढलं की मेघगर्जना. उच्चारायला सूर तिसरा, म्हणजे खाली जाऊन वर येणारा. मी सरळ वर गेले तर मासा होतो, वरून खाली आपटलं तर जेड. आणि कु-यू एकत्र म्हणताना दोन तिसरे सूर शेजारी येतात, म्हणून पहिला आपोआप दुसरा होतो. मी सात-आठदा मासा म्हटलं. मनू दर वेळी न कंटाळता ‘पुन्हा’ म्हणाली.

आजींनी जाताना आणखी एक सांगितलं. त्सांग-च्ये नावाच्या पुराणपुरुषानं अक्षरं घडवली तेव्हा आकाशातून धान्याचा पाऊस पडला, अशी कथा आहे. संयुक्त राष्ट्रांचा चिनी भाषा दिवस २० एप्रिलला असतो तो त्यामुळेच. धान्य आणि अक्षर. मला ताटातले तांदूळ आठवले, पण ते त्यांना सांगण्याइतकी चिनी माझ्याकडे नाही.

तरी मला विचारायला हवं होतं, हे काही पूर्ण जात नाही. पण आता ते कमी बोचतंय. पालकांच्या गटातलं नाव बदलून ‘मेइया मामा, कु-यू’ करावं का, याचा विचार करतेय. बँकेत अर्थात ते चालणार नाही.

वही दप्तरात भरायला घेतली तर शेवटची चौकट रिकामी. इथे आजींना दोन वेगळे शब्द आहेत, बापाची आई नाइनाइ आणि आईची आई लाओलाओ. नाइनाइची चौकट तिनं भरली आहे. लाओलाओचं चित्र काढलंय, नऊवारी, अंबाडा, हातात जपमाळ, आणि खाली काही नाही.

मनू अंथरुणातून म्हणाली, ‘आजीचं कुठलं नाव लिहू? तिची दोन आहेत ना?’

इथे दहा वाजलेत, म्हणजे तिकडे साडेसात. भारतात वीचॅट २०२०पासून बंद, इथल्या सिमवर व्हॉट्सअॅप लागत नाही, पण मुंबईचं सिम रोमिंगवर ठेवलं आहे, त्यावरून लागतं. मामा साडेआठला झोपतात. आईच्या आधी त्यांना फोन करते.