ऑर्किडचं पान: भाजलेलं की सडलेलं?

जानेवारीत लेकीने वाढदिवसाला फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी दिली. जांभळी फुलं, खाली पाच जाड हिरवीगार पानं. जळगावच्या उन्हाळ्यात हे झाड तगेल का, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

मार्चअखेर फुलं गळाली. कुंडी तीन-चार दिवस पश्चिमेच्या गॅलरीत राहिली आणि वरच्या पानावर पांढुरका डाग पडला. पुढे तो कागदासारखा वाळला. रोगच आला असं समजून मी अख्खं पान बुडापासून छाटून टाकलं. तसं करायला नको होतं. उन्हाने भाजलेला डाग कोरडा असतो, आणि झाड सावलीत घेतलं की तो पसरत नाही. उरलेलं हिरवं पान झाडाच्या कामी येतच असतं. फॅलेनॉप्सिसला कंद नसतात, पाण्याचा साठा मुख्यतः त्या जाड पानांत असतो. त्यातलं एक मी उगाच घालवलं.

मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला तशी कुंडी कूलरच्या खोलीत आणली. दमट हवा ऑर्किडला मानवते, पण मी रात्री झोपण्याआधी पानांवरूनही पाणी शिंपडायचे. एका सकाळी खालच्या पानावर तुरीच्या डाळीएवढा ओलसर ठिपका दिसला. मागच्या वेळची चूक मनात ताजी होती, म्हणून या वेळी हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो रुपयाएवढा झाला. मऊ, पाणी भरल्यासारखा, कडेला पिवळसर, आणि वास कुजका.

त्याच दिवशी यावलहून दीर आले. त्यांची केळीची बाग आहे. पान उजेडाकडे धरून ते म्हणाले, "वहिनी, हा करपा नाही, करपा कोरडा राहतो. ही सड आहे. आजच कापा. आम्ही तं करप्याचं पानही बागेत ठेवत नाही."

ब्लेड गॅसवर तापवून गार केलं आणि डागाच्या पुढे हिरव्या भागात बोटभर आत जाऊन पान कापलं. पहिल्या कापात कडेला तपकिरी रेघ दिसली, म्हणून ब्लेड पुन्हा तापवून आणखी मागे कापलं. ब्लेड दर वेळी तापवायचं, नाहीतर सड आपणच पुढे नेतो. कापलेल्या कडेला दालचिनीची बारीक पूड लावली. ती फक्त कापावर लावायची. मुळांवर पडली तर मुळं सुकवते. कापलेला तुकडा बाहेर कचऱ्यात टाकला, इतर कुंड्यांत नाही.

कुंडी कूलरपासून लांब, पंख्याच्या हवेत, पूर्वेच्या खिडकीशी पडद्याआड ठेवली. आठवडाभर पाणी बंद. तेवढे दिवस मी रोज सकाळी आधी त्या पानाची कड बघायचे, मग चहा. पाचव्या दिवशी कड कोरडी, टणक झाली होती. अर्धं पान वाचलं. तुटलेला भाग परत वाढत नाही, पण ते अर्धं अजून हिरवं आहे.

गणपतीच्या सुमारास मधून नवं पान डोकावलं. त्या जागेला आमचे दीर केळीसारखं पोंगाच म्हणतात, आता मीही म्हणते. आता पाणी सकाळीच घालते, तेही मुळांचा हिरवा रंग जाऊन ती चंदेरी दिसू लागली की, कुंडीच्या कडेने. पोंग्यात थेंब गेलाच तर टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घेते.