अलास्काच्या क्रूझवर अस्वलं बघायची असतील तर

क्रूझचं आरक्षण झालं की कंपनीकडून सहलींची लांबलचक यादी येते. अलास्काच्या यादीत अस्वलांच्या नावाने बऱ्याच सहली असतात, आणि जवळपास प्रत्येकीच्या फोटोत एकच दृश्य : धबधबा, आणि तोंडात मासा धरलेलं धिप्पाड अस्वल. भाव मात्र काही डझन डॉलरपासून माणशी पाचशेच्या पुढे. आम्ही ऑगस्टमध्ये सिॲटलहून निघालो, पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. जुनो, सिटका, केचिकन आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया असा मार्ग होता. सहल निवडताना आधी मासे बघितले, मग आईचे गुडघे, आणि पैसे सगळ्यात शेवटी. निघायच्या तयारीत असलेल्यांनाही हाच क्रम सांगेन.

माशांपासून सुरुवात करायची, कारण अस्वल ओढ्यावर येतं ते सॅमनसाठी. समुद्रातले सॅमन अंडी घालायला ओढ्यांत चढतात, पण प्रत्येक जातीची वेळ वेगळी. सॉकाय साधारण जुलैच्या मध्यापासून, पिंक जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टभर, आणि कोहो सप्टेंबर उजाडल्यावर. मे-जूनमध्ये स्वस्त मिळतं म्हणून क्रूझ घेणारे खूप असतात. त्यात वाईट काही नाही, पण तेव्हा ओढे रिकामे असतात आणि अस्वलं किनाऱ्यावरच्या कोवळ्या गवतात चक्क चरत असतात. त्या दिवसांत ओढ्याकाठच्या मचाणाचे पैसे भरू नका. बोटीतून किनारा धुंडाळणारी सहल घ्या, अस्वल नाही तर निदान देवमासा तरी दिसतो.

दुसरी गोष्ट, कुठलं अस्वल बघायचं. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या तीन बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं आहेत, काळी नाहीत. (या बेटांवरच्या अस्वलांच्या डीएनएचा काही भाग ध्रुवीय अस्वलांशी जुळतो. हे ऐकल्यापासून बाबा प्रत्येक गाइडला त्यावर प्रश्न विचारत होते.) केचिकनजवळच्या ओढ्यांवर मुख्यतः काळी. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असू शकतं. तपकिरी अस्वलाच्या खांद्यावर उंचवटा असतो आणि पुढच्या पायांची नखं लांब असतात. काळ्याला तो उंचवटा नसतो, आणि तोंड कपाळापासून नाकापर्यंत सरळ उतरतं.

जुनोत आम्ही महागड्या सहलीच्या नादी लागलोच नाही. बंदरापासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे, आणि तिच्या माहिती केंद्राला लागूनच स्टीप क्रीक नावाचा छोटा ओढा. त्यावर लाकडी फळ्यांची उंच, सपाट वाट बांधली आहे. व्हीलचेअरही जाते, त्यामुळे आईची चिंता नव्हती. पाण्यात लालभडक सॉकाय खच्चून भरलेले. थोड्या वेळाने एक काळी अस्वलीण झुडपातून आली, फळ्यांच्या खालून पलीकडे गेली, आणि मासा घेऊन शांतपणे परत फिरली. तिची पिल्लं झाडावर चढवून ठेवलेली होती. माद्या इथे असंच करतात, पिल्लांना झाडावर पाठवून मग मासे धरतात. आई म्हणाली, "ताडोबात दोन दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, तेव्हा कुठे अस्वलाची पाठ दिसली. इथे बघ, पायाखालून गेली!"

एक सूचना. शहराची साधी बस स्वस्त आहे, पण ती हिमनदीपासून दोन-अडीच किलोमीटर अलीकडेच सोडते. चालणारे असाल तर उत्तम. ज्येष्ठ बरोबर असतील तर बंदरावरूनच थेट जाणारी गाडी घ्या. आणि वास येतो, हे आधीच सांगून ठेवते. अंडी घातली की सॅमन मरतात. मासे मुबलक असले की अस्वलं अंडी, मेंदू, कातडी एवढंच खातात आणि उरलेला मासा तिथेच टाकून देतात. ऑगस्टमध्ये तो ओढा ससून डॉकसारखा दरवळतो.

जुनोहूनच ॲडमिरल्टी बेटावरच्या पॅक क्रीकला पाण्यावर उतरणारं विमान जातं. तपकिरी अस्वलं मोकळ्या किनाऱ्यावर बघायची तर त्यासारखी जागा नाही. पण ५ जुलै ते २५ ऑगस्ट या ऐन हंगामात तिथे दिवसाला फक्त २४ माणसांना परवाना मिळतो. रँगलजवळच्या अनान क्रीकलाही याच काळात परवाना लागतो, आणि तिथे काळी आणि तपकिरी दोन्ही अस्वलं एकाच ओढ्यावर दिसतात, हे दुर्मीळ आहे. या दोन्हीपैकी काही डोक्यात असेल तर हिवाळ्यातच बुकिंगला लागा. जहाजावर चढल्यावर सहलींच्या खिडकीपाशी उभं राहून हे मिळत नाही.

आम्ही अनान सोडलं ते वेळापत्रकामुळे. सिॲटलहून निघणारी अनेक जहाजं केचिकनला सकाळी लागतात आणि दुपारीच सुटतात, आमचंही तसंच होतं. केचिकनहून अनानची विमानसहल अर्धा दिवस खाते. ढग उतरले आणि परतीचं विमान तासभर अडकलं, तर जहाज समोरून निघून जाताना बघायचं. म्हणून बंदरात किती तास आहेत ते आधी कागदावर मांडा. सहल क्रूझ कंपनीमार्फत घेतली तर उशीर झाल्यास जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. बाहेरून घेतली तर स्वस्त पडते, गटही लहान असतो, पण जहाज थांबत नाही. ओढ्याशी बसने जाऊन येणाऱ्या सहली मी बाहेरून घेईन, विमानाच्या मात्र कंपनीकडूनच. मोबाइलचं घड्याळही बघा : अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे असते, आणि परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजतात.

केचिकनला आमच्यात दोन गट पडले. आईने "मला ते पंख्याचं विमान नको गं बाई" असं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. ती आणि माझा नवरा गावापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या हेरिंग कोव्हला बसने गेले. बाबा आणि मी विमानाने मार्गारेट क्रीकला. विमान ट्रेटर्स कोव्ह नावाच्या खाडीत पाण्यावर उतरतं, तिथून जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याने व्हॅन, मग थोडं जंगलातून चालणं आणि शेवटी मचाण. खाली माशांना वर चढायला बांधलेला जिना आणि त्याच्या तोंडाशी काळी अस्वलं. एक म्हातारं अस्वल एकाच दगडावर बसून राहिलं आणि समोर येईल तो मासा उचलत होतं, बाबांना तेच सगळ्यात आवडलं. हेरिंग कोव्हवाल्यांनाही अस्वलं दिसली, आणि जवळून. खर्च आमच्या कितीतरी कमी. आमच्या जास्तीच्या पैशांचा बराचसा भाग वरून दिसणाऱ्या बेटांचा होता. ते बघायचं नसेल तर बसची सहल पुरे.

विमानाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. ही लहान विमानं असतात, सहा-सात माणसांची. बुकिंगच्या वेळी वजन विचारतात. लाजून कमी सांगू नका, निघताना बऱ्याचदा काट्यावर उभं करतात. केचिकनला वर्षातले बहुतेक दिवस पाऊस असतो, त्यामुळे उड्डाण रद्द होणं नेहमीचं. रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतात का, हे बुक करतानाच विचारा. २०१५ मध्ये केचिकनजवळ असंच एक विमान वाईट हवामानात डोंगरावर आदळून नऊ जण गेले, आणि २०१९ मध्ये दोन विमानं हवेत धडकून सहा. दोन्ही वेळी प्रवासी क्रूझवरचेच होते. घाबरवायला नाही लिहीत, आम्ही बसलोच. पण पायलट "आज नाही" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालणाऱ्यांत आपण नसावं. एक गृहस्थ धक्क्यावर तावातावाने भांडत होते, त्यांच्याकडे बघून मला लाज वाटली.

सिटकाला गावाबाहेर फोर्ट्रेस ऑफ द बेअर आहे. बंद पडलेल्या लगदा गिरणीच्या काँक्रीटच्या प्रचंड टाक्यांत आई गमावलेली पिल्लं वाढवतात. इथे अस्वल दिसणारच, कुठल्याही महिन्यात. लहान मुलं बरोबर असतील किंवा मे महिना असेल तर जरूर जा. मला स्वतःला भिंतींआडचं अस्वल बघून फारसं काही वाटलं नाही.

स्कॅगवे बंदर मार्गात असेल तर तिथून फेरीबोटीने हेन्स गावाला जाऊन चिलकूट नदीवरची तपकिरी अस्वलं बघता येतात, ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात विशेष. हूनाजवळ आइसी स्ट्रेट पॉइंटला थांबणाऱ्यांना चिचागॉफ बेटावरच चालत जाणारी सहल मिळते. या दोन्ही आम्ही केलेल्या नाहीत.

सामानात छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्या, अरुंद फळ्यांवर छत्र्या एकमेकांच्या डोळ्यांत जातात. मोठ्या लेन्सपेक्षा बरी दुर्बीण जास्त कामाला येते. खाणं मात्र अजिबात नको. चिवडा, लाडू, च्युइंगगमसुद्धा जहाजावरच ठेवा. आईच्या पर्समध्ये खडीसाखर होती, गाइडने ती नम्रपणे काढून गाडीतल्या डब्यात ठेवली. वाटेत अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही. एकत्र राहून, शांतपणे बोलत मागे सरकायचं.

आणि अमेरिकेत राहणाऱ्यांनी आई-वडिलांना नेताना व्हिसा विसरू नका. जहाज सिॲटलहून सुटून सिॲटललाच परत येत असलं तरी मध्ये व्हिक्टोरियाला थांबतं, आणि भारतीय पासपोर्टवर आलेल्या पाहुण्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. बोटांचे ठसे द्यावे लागतात, पासपोर्ट पाठवावा लागतो, उन्हाळ्याच्या तोंडावर रांगही मोठी असते. आई-बाबांचा अर्ज आम्ही त्यांच्या विमानाचं तिकीट काढायच्या आधी, पुण्यातूनच करून घेतला होता.