ताईच्या कुंडीतलं हेल्मेट ऑर्किड, आणि ते नागपूरला का नाही आणलं

मागच्या जुलैत ताईकडे मेलबर्नला गेले होते, पहिल्याच सकाळी तिने मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, बस खाली, उभ्याने दिसत नाही. थंडी बोचरी, जमीन ओली, तरी बसले. थर्माकोलचा खोका, वर काच, आत एक कुंडी आणि कुंडीत नाण्याएवढी गोल पानं मातीला अगदी चिकटून. त्यातल्या सात-आठ पानांवर एकेक गडद जांभळट लाल फूल, पानाला टेकून बसलेलं, देठ जवळजवळ नाहीच. मागची पाकळी पुढे वाकलेली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी, आणि खाली रुंद ओठ, त्याच्या कडेला बारीक दाते आणि मधे पांढुरका डाग. पूर्ण फूल माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडंसंच मोठं. मी अर्धा तास तिथून उठले नाही.

हे हेल्मेट ऑर्किड. वंशाचं नाव कोरिबास, ग्रीक पुराणात सिबेली देवीपुढे शिरस्त्राण घालून नाचणारे कोरिबांट होते ना, त्यांच्यावरून. याच्या शंभराहून जास्त जाती आहेत, आपल्या हिमालयापासून न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या, सिक्कीमकडे सुद्धा एक आहे. ताईकडची कोरिबास डायमेनिकस, टास्मानियाला पूर्वी व्हॅन डायमेन्स लँड म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. एका झाडाला एकच पान आणि एकच फूल, बस.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते पुढचं. फुलावर येतात त्या बुरशीवर वाढणाऱ्या बारीक चिलटांसारख्या माश्या, म्हणून फूल जमिनीलगत. पण फळ धरलं की हेच देठ भराभर वर वाढतं, कारण बी धुळीसारखं बारीक असतं आणि ते वाऱ्यावर जायचं तर उंची पाहिजे. फुलासाठी खाली बसायचं आणि बियांसाठी उभं राहायचं, एवढ्याशा झाडाला किती कळतं!

आता लागवड. मातीखाली वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान कंद असतो, तो दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, शिवाय आडव्या मुळांच्या टोकाला एखाद-दोन जास्तीचे, म्हणून कुंडी हळूहळू भरत जाते. बियांपासून करणं फार अवघड, बी रुजायला मातीत एक ठरावीक बुरशी लागते, कंदांनी वाढवणंच सोपं. ताईचं मिश्रण जाड वाळू, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी माती, पाणी झरझर निघून गेलं पाहिजे. वरून सुरूच्या पानांचे तुकडे पसरते, कोकणात किनाऱ्याला सुरू असतो ना, त्याच कुळातला, म्हणजे पाणी घालताना माती पानावर उडत नाही आणि पान सडत नाही. खत जवळपास नाहीच. गोगलगाईंवर मात्र रोज लक्ष, एका रात्रीत पान साफ करतात. आणि काच कशाला, तर हवा जराशी कोरडी झाली की कळी उमलायच्या आधीच काळी पडून जाते. तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या सगळ्या कळ्या अशाच गेल्या.

तिकडे ऋतू आपल्या उलटे, जुलैत थंडी, आणि ती थंडी ओली. मार्च ते मे हा तिकडचा शरद, त्यात पान येतं, थंडीत फूल, मग उन्हाळा लागला की वरचं सगळं वाळतं आणि कंद झोपतो. तेव्हा पाणी जवळजवळ बंद, डिसेंबर-जानेवारीत कंद काढून नव्या मातीत लावायचे.

परत आल्यापासून फोटो पाहून सगळे विचारून राहिले की इथे लावता येईल का. नाही हो. आपला पाऊस भर गरमीत, थंडी एकदम कोरडी, आणि मे महिन्यात ४५ अंश, कूलरसमोर माणूस टिकत नाही तिथे वाटाण्याएवढा कंद कुंडीत भाजून निघेल. त्याला झोपायला कोरडं पाहिजे आणि जागायला गार-ओलं पाहिजे, ते दोन्ही आपल्याकडे जुळतच नाही. एसीच्या खोलीत काचपेटी करून कोणी करेलही, पण वर्षभर विजेवर जगवायचं मला पटत नाही. आणि बॅगेत कंद घालून आणणं तर नाहीच, ऑर्किडना आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत, क्वारंटाइन आहे, ते पाळलेच पाहिजेत.

ज्यांना एकपानी ऑर्किडच पाहायचं असेल त्यांनी आपलं नर्व्हिलिया पहा, महाराष्ट्राच्या जंगलात असतं. त्याचा कंद आपल्याच उन्हाळ्यात झोपतो, पावसाच्या तोंडावर आधी नुसतं फूल येतं, आणि ते गेल्यावर एकच पान. फक्त उपटून घरी आणू नका, तिथेच खाली बसून पहा.

ताईने काल फोटो पाठवला, या वर्षी कुंडीत अकरा कळ्या आहेत, काच अजून काढलेली नाही.